चोरी कुठे होते आणि पोलीस कुठे असतात

सप्टेंबर सरत आला की विदर्भात सोयाबीनची कापणी सुरू होते आणि मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत कापलेल्या मालाच्या गंज्या उघड्या वावरात पडून राहतात. पाठोपाठ कापसाची वेचणी येते, वरुड, मोर्शी आणि काटोल या भागांत आंबिया बहाराची संत्री तोडणीला येतात, आणि रब्बीच्या ओलितासाठी विहिरींवर व नाल्यांवर मोटारी चढतात. शेतमालाची, मोटारपंपांची आणि तांब्याच्या केबलची चोरी या दिवसांत व्हावी यात कास्तकाराला काहीच नवल वाटत नाही, कारण माल कुठे पडला आहे आणि त्याच्यापाशी कोण नाही हे त्याला ठाऊक असते. गुन्हेशास्त्राला मात्र या साध्या गोष्टीपाशी पोहोचायला बराच काळ लागला. गुन्हेगार कोण होतो, तो कोणत्या घरात वाढतो, दारिद्र्य आणि संगत यांचा त्यात वाटा किती, हेच प्रश्न या शास्त्राने दीर्घकाळ विचारले. गुन्हा कुठे आणि केव्हा घडतो हा प्रश्न त्याच्या मध्यभागी आला तो गेल्या पन्नासेक वर्षांत.

१९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एक कोडे सोडवायला घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उत्पन्न वाढले, शिक्षण वाढले, तरीही चोऱ्या आणि घरफोड्या वाढतच गेल्या. गुन्ह्याचे मूळ केवळ दारिद्र्यात असते तर असे घडायला नको होते. त्यांचे उत्तर असे होते की लोकांच्या रोजच्या जगण्याची घडी बदलली होती. स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडू लागल्याने दिवसा घरे रिकामी राहू लागली, आणि त्याच काळात महाग पण सहज उचलून नेता येतील अशा विजेच्या वस्तू घरोघरी आल्या. गुन्हा घडण्यासाठी तीन गोष्टी एका जागी आणि एका वेळी जुळाव्या लागतात, असे त्यांनी मांडले: गुन्ह्याची तयारी असलेला माणूस, हाती लागण्याजोगी वस्तू किंवा व्यक्ती, आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्याची गैरहजेरी. या तिघांपैकी एक वजा झाली तरी गुन्हा टळतो. पहिलीवर पोलिसांची फारशी सत्ता चालत नाही, उरलेल्या दोहोंवर मात्र पोलिसांची आणि गावाचीही चालते.

ही मांडणी विदर्भातल्या शिवारावर ठेवून पाहिली तर काही गोष्टी नव्याने दिसू लागतात. कृषिपंपांना वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात कास्तकार टॉर्च घेऊन विहिरीवर असतो, आणि चालू पंप कोणी काढून नेत नाही. दिवसाची पाळी आली की रात्री शिवार ओस पडते. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी माणसे मचाणावर जागली करतात, आणि जनावर हाकलणारा हा माणूस नकळत चोरावरचाही पहारा असतो. आता अनेक ठिकाणी सौर पंप आले आहेत, काही वावरांना झटका मशीनचे कुंपण झाले आहे. रात्रीचे ओलित संपले, साप आणि बिबट्याची भीती कमी झाली, हे उत्तमच झाले. परंतु त्याच बदलाने रात्रीच्या शिवारातून माणूसही उठला, आणि मागे राहिल्या त्या सौर पट्ट्या, केबल आणि पंप. शेतीतला बदल चोरीची वेळ आणि जागा कशी बदलतो, हा प्रश्न कृषी खात्याच्या योजनेत कुठे नसतो आणि पोलिसांच्या आराखड्यातही सहसा नसतो.

एकदा चोरी झालेल्या जागी पुन्हा चोरी होण्याची शक्यता वाढते, हे या अभ्यासांतून निघालेले आणखी एक उपयोगी निरीक्षण आहे. इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट या वसाहतीत १९८० च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आले की तिथल्या घरफोड्यांचा मोठा वाटा आधी फोडल्या गेलेल्या घरांच्याच पदरी पडतो. तेव्हा साऱ्या वसाहतीवर पहारा ठेवण्याऐवजी चोरी झालेल्या घरावरच लक्ष एकवटण्यात आले. घरातले नाणी टाकून चालणारे मीटर, म्हणजे चोराला हमखास मिळणारी रोकड, काढून टाकण्यात आले, कड्याकोयंडे मजबूत केले गेले आणि शेजारच्या मोजक्या घरांना लक्ष ठेवायला सांगितले गेले. त्या वसाहतीतल्या घरफोड्या मोठ्या प्रमाणात घटल्या. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की चोरीनंतरचे काही आठवडे शेजारच्या घरांनाही धोका वाढलेला असतो, कारण चोराने वाट, कुत्रा, उजेड आणि माणसांच्या वेळा पाहून ठेवलेल्या असतात. मोटार गेलेला कास्तकार ओलित थांबू नये म्हणून लगेच नवी मोटार बसवतो, आणि ती बसली आहे हे जुन्या चोरालाच सर्वात आधी कळण्याजोगे असते. पंचनामा उरकल्यावर पोलीस निघून जातात. वास्तविक त्या पांदण रस्त्याकडे खरे लक्ष द्यायचे दिवस तिथून पुढे सुरू होतात.

पोलिसांच्या कामावरचे सर्वात गाजलेले प्रयोग गस्तीबाबत झाले. गाडीतून गल्लोगल्ली फिरत राहिले की गुन्हेगाराला धाक बसतो, ही समजूत इतकी पक्की होती की ती तपासून पाहावी असे कोणाला वाटत नव्हते. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात पंधरा विभाग निवडून त्यांचे तीन गट केले गेले. पाच विभागांत नेहमीची गस्त पूर्ण बंद करण्यात आली आणि बोलावणे आले तरच पोलीस जात. पाच विभागांत गस्त दुप्पट-तिप्पट केली गेली. उरलेल्या पाचांत ती पूर्वीसारखीच ठेवली गेली. वर्षअखेरीस गुन्ह्यांत, लोकांना वाटणाऱ्या भीतीत आणि पोलिसांविषयीच्या समाधानात या तीन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. गस्त बंद झाली किंवा वाढली हे बहुतेक रहिवाशांच्या ध्यानातही आले नव्हते. या निकालावरून पोलीस असले काय नि नसले काय असा अर्थ काही जणांनी काढला, तो घाईचा होता. मोठ्या क्षेत्रावर पातळ पसरलेली गस्त कोणाला जाणवत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होत होते.

पुढचे पाऊल लॉरेन्स शर्मन आणि डेव्हिड वाइसबर्ड या गुन्हेशास्त्रज्ञांनी टाकले. मिनिआपोलिस शहरात पोलिसांना आलेल्या दूरध्वनींचा पत्त्यानुसार हिशेब केल्यावर असे दिसले की जवळपास निम्मे दूरध्वनी केवळ ३ टक्के पत्त्यांवरून येत होते. मग १९८८-८९ मध्ये अशा ११० ठिकाणांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने निवडून तिथे पोलिसांची हजेरी वाढवण्यात आली. त्या ठिकाणांवरून येणाऱ्या तक्रारी माफक प्रमाणात आणि उघड्यावरचे गैरप्रकार बऱ्याच प्रमाणात कमी झाले. पुढे सिअॅटलमध्ये चौदा वर्षांची आकडेवारी तपासली असता निम्मे गुन्हे रस्त्यांच्या ४ ते ५ टक्के तुकड्यांवर घडलेले आढळले, आणि तेल अवीवसारख्या अगदी वेगळ्या शहरातही प्रमाण जवळपास तेच निघाले. मिनिआपोलिसच्याच निरीक्षणांतून ख्रिस्तोफर कोपर यांनी १९९५ मध्ये दाखवले की अशा ठिकाणी पोलीस साधारण दहा ते पंधरा मिनिटे थांबला, तर तो निघून गेल्यानंतरही काही वेळ शांतता टिकते. त्याहून अधिक वेळ थांबल्याने फायदा फारसा वाढत नाही. मनुष्यबळाची चणचण असलेल्या ठाण्याला यापेक्षा उपयोगाचे संशोधन क्वचितच मिळेल. भारतात दर एक लाख लोकसंख्येमागे प्रत्यक्ष कामावर असलेले पोलीस दीडशेच्या आसपास आहेत, आणि ग्रामीण ठाण्याच्या हद्दीत कित्येक गावे, मधले जंगल आणि नदीनाले येतात.

इथे एक रास्त शंका येते. एका जागी पहारा बसला तर चोर दुसरीकडे जाणार नाही का? ही शंका संशोधकांनीही गांभीर्याने घेतली आणि गुन्ह्यांच्या ठिकाणांवर केंद्रित पोलिसकामाच्या साठहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर उत्तर बहुतांशी आश्वासक निघाले: गुन्हे शेजारी सरकण्यापेक्षा शेजारच्या भागालाही थोडा फायदा मिळणे अधिक वेळा दिसते. कारण गुन्हेगारही सवयीने वागतो. ओळखीची वाट, ओळखीचे गिऱ्हाईक आणि पळून जायचा ओळखीचा रस्ता त्याला सहजासहजी सोडवत नाही. मात्र हे उत्तर सरसकट नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे २०१६ मध्ये रस्त्यांचे १,९१९ तुकडे घेऊन फार मोठा प्रयोग झाला, आणि त्यात मालमत्तेचे गुन्हे आजूबाजूला सरकल्याची चिन्हे दिसली, तर गंभीर हिंसक गुन्ह्यांत तसे दिसले नाही. राग, दारू आणि जुने वैर यांतून घडणारी मारामारी तेवढ्याच जागेची असते. तांब्याच्या तारेला मात्र भाव सगळीकडे सारखा मिळतो. माझ्या मते शिवारातल्या चोरीबाबत बोगोटाचा निकाल अधिक लक्षात ठेवावा, आणि विहिरींइतकेच लक्ष तांबे विकत घेणाऱ्या भंगार दुकानांकडेही असावे, कारण विहिरी हजारो असतात आणि अशी दुकाने तालुक्यात मोजकी.

हे सारे संशोधन प्रामुख्याने शहरांतले आहे हे विसरता कामा नये. गावात रस्त्याचा तुकडा हे मोजमाप चालत नाही. तरीही गर्दीची, वादाची आणि काळोखाची ठिकाणे गावकऱ्यांना पाठ असतात: आठवडी बाजाराच्या दिवशी दुचाकी लावायची जागा, बैलबाजार, कापूस खरेदीच्या हंगामातील जिनिंगसमोरची गाड्यांची रांग, रेती घाटाकडे उतरणारा कच्चा रस्ता, महामार्गावरचा एखादा ढाबा. दुचाकी चोरीपुरते बोलायचे तर कॅमेऱ्यांवरील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा असे सांगतो की कॅमेऱ्यांमुळे गुन्ह्यांत सरासरी १३ टक्के घट होते, सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर दिसतो आणि हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम दिसत नाही. म्हणजे ग्रामपंचायतीला दोनच कॅमेरे परवडत असतील, तर ते प्रवेशद्वाराच्या कमानीवर शोभेसाठी लावण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी गाड्या उभ्या राहतात तिथे लावणे शास्त्राला धरून होईल. उजेडाचाही उपयोग होतो. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वसाहतींत २०१६ मध्ये यदृच्छेने निवडलेल्या जागी प्रखर दिवे लावले तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले.

जागा ठरली तरी तिथे कसे थांबावे याला महत्त्व आहे, आणि या बाबतीत आपल्याकडचाच एक प्रयोग जगभर उद्धृत होतो. राजस्थानात पोलिसांनी अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांविरुद्धच्या नाकाबंदीचा अभ्यास केला. काही ठाण्यांनी सर्वात योग्य वाटणाऱ्या एकाच जागी नाका लावला. काहींनी तीन जागांमध्ये तो फिरता ठेवला. फिरत्या नाक्यांमुळे रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे अपघाती मृत्यू २५ टक्क्यांनी घटले, तर स्थिर नाक्यांचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. नाका रोज त्याच वळणावर असेल तर चालकाला आडरस्ता लवकर सापडतो. या प्रयोगात नाक्यावर कोण होते यानेही फरक पडला: ठाण्यातल्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांपेक्षा राखीव पोलीस मुख्यालयातून आणलेल्या, जीपीएसने ज्यांच्या गाडीचा माग ठेवला जाई अशा पथकांनी नाके अधिक नेमाने लावले.

वर्धा जिल्ह्याच्या सीमेवर हा निष्कर्ष वाचताना आपल्याकडचे चित्र डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत परवानाधारक दुकाने उघडी आहेत. पुलावरचा कायमचा नाका सगळ्यांना माहीत असतो, माल नेणाऱ्यांना तर सर्वात आधी. दारूबंदी असावी की नसावी हा वेगळा वाद आहे आणि तो इथे सोडवायचा नाही. पण ती राबवायचीच असेल, तर नाका कधी कोणत्या उतारावर उभा राहील हे चिठ्ठीने ठरवणे हा जवळजवळ बिनखर्चाचा आणि तपासून पाहिलेला उपाय हाताशी आहे. रेतीच्या ट्रॅक्टरांनाही तोच नियम लागू पडावा.

दारूबंदीचे उदाहरण आणखी एका, माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या, कारणासाठी उपयोगी पडते. चोरीची नोंद तेव्हा होते जेव्हा कोणी तक्रार करतो, पण दारूच्या गुन्ह्याची नोंद तेव्हा होते जेव्हा पोलीस छापा घालतात. एखाद्या ठाण्यात मोहफुलाच्या दारूचे गुन्हे वाढले, तर दारू वाढली, छापे वाढले की दोन्ही वाढले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पोलिसांच्या नोंदवहीत गुन्ह्याचे आणि पोलिसांच्या श्रमाचे मिश्रण असते. संगणकाने ही वही वाचून पुढचा गुन्हा कुठे घडेल हे सांगायचे ठरवले की या मिश्रणातून मोठा घोटाळा उद्भवतो. २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी अमेरिकेतील ओकलंड शहराच्या नोंदी घेऊन हे दाखवले. अमली पदार्थांचा वापर आरोग्य सर्वेक्षणांवरून केलेल्या अंदाजानुसार शहरभर विखुरलेला होता, परंतु पोलिसांच्या नोंदी काही गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत एकवटल्या होत्या. अंदाज वर्तवणाऱ्या प्रणालीला त्या नोंदी दिल्यावर तिने पोलिसांना पुन्हा त्याच वस्त्यांकडे धाडायला सांगितले; तिथे गेले की तिथेच पकड होणार, पकड झाली की नोंद वाढणार आणि पुढचा अंदाज आणखी पक्का वाटणार. लॉस एंजेलिस पोलिसांनी अशी प्रणाली २०२० मध्ये वापरातून काढली आणि त्याच वर्षी सांताक्रूझ शहराने तिच्यावर बंदीच घातली.

आपल्याकडे या धोक्याला फार जुना इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जायचे ही रीत त्याच्याबरोबर रद्द झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाबाबत निकाल देताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या पद्धतीविरुद्ध स्पष्टपणे बोलावे लागले. दीडशे वर्षांचा पूर्वग्रह ज्या नोंदींत मुरलेला आहे त्या नोंदी यंत्राला शिकवल्या, तर यंत्र तो पूर्वग्रह गणिताच्या भाषेत परत देईल, आणि गणिताशी वाद घालणे बेड्यावरच्या माणसाला हवालदाराशी वाद घालण्याहूनही कठीण जाईल.

हा प्रश्न विदर्भात आता दूरचा राहिलेला नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तयार करणारी ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली ती नागपुरातच, आणि तिथली भारतीय व्यवस्थापन संस्था तिच्यात सहभागी आहे. तपासाच्या कामी, म्हणजे टोलनाक्यांवरील तासन्‌तासांच्या चित्रणातून एखादा पळालेला ट्रक हुडकणे, कागदपत्रांचे गठ्ठे वाचणे किंवा आर्थिक फसवणुकीतले व्यवहार जुळवणे यासाठी अशी साधने खरोखरच उपकारक ठरू शकतात, कारण तिथे गुन्हा घडलेला असतो आणि यंत्राचे उत्तर पुराव्याशी ताडून पाहता येते. कोण गुन्हा करील आणि कुठे करील हे सांगण्याचे काम निराळे आहे. तिथे यंत्राचे चुकले हे कळण्याचा मार्गच बहुधा नसतो. या दोन कामांमधली रेघ खरेदीच्या वेळीच आखली जावी, असे मला वाटते.

तेव्हा नोंद चांगली होणे हीच गुन्हा रोखण्याची पहिली पायरी ठरते, आणि ती कशी सुधारते यावर विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशात मोठा अभ्यास झाला आहे. तिथल्या १८० पोलीस ठाण्यांपैकी यदृच्छेने निवडलेल्या ठाण्यांत महिला मदत कक्ष सुरू केले गेले; त्यासाठी वेगळी जागा, ठरलेली कार्यपद्धती, प्रशिक्षण आणि स्थानिक संपर्क यांची सोय करण्यात आली, आणि काही ठाण्यांत कक्षाची सूत्रे महिला अधिकाऱ्यांकडे देण्यात आली. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि प्रथम माहिती अहवालांतली वाढ मुख्यत्वे जिथे महिला अधिकारी कक्ष चालवत होत्या तिथे दिसली. आता या ठाण्यांचा वार्षिक तक्ता कोणी वरवर पाहिला, तर तिथे स्त्रियांवरील गुन्हे वाढले असे तो म्हणेल आणि ठाणेदाराला जाब विचारील. नोंदलेले गुन्हे कमी दाखवणाऱ्या अधिकाऱ्याची पाठ थोपटण्याची पद्धत जोवर चालू आहे, तोवर सुधारणा करणाऱ्यालाच शिक्षा होत राहणार.

पोलीस आणि लोक यांच्यातला संवाद वाढवला की सगळे सुधारते, ही आणखी एक लाडकी कल्पना आहे, आणि तिच्या वाट्याला अलीकडे कठोर परीक्षा आली. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत एकाच पद्धतीने लोकसहभागी पोलिसिंगचे प्रयोग झाले. गावबैठका झाल्या, पायी गस्ती झाल्या, तक्रारी ऐकून घेण्यात आल्या. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा ना गुन्हे कमी झाल्याचे दिसले, ना पोलिसांवरचा विश्वास वाढल्याचे. संशोधकांनी दिलेली कारणे आपल्या ओळखीची आहेत: वरिष्ठांचा उत्साह टिकला नाही, अधिकाऱ्यांच्या वरचेवर बदल्या झाल्या आणि लोकांनी सांगितलेल्या अडचणींवर काही करायला पैसा व माणसे नव्हती. बदलीचा मुद्दा राजस्थानातल्या दुसऱ्या एका प्रयोगातही पुढे आला होता. २००५ ते २००८ या काळात ११ जिल्ह्यांतील १६२ ठाण्यांत अनेक सुधारणा करून पाहिल्या गेल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि बदल्यांना स्थगिती या दोन गोष्टींचा उपयोग झाला. साप्ताहिक सुटी आणि नागरिकांनी ठाण्यात बसून निरीक्षण करणे यांसारख्या सुधारणा मात्र धड राबवल्याच गेल्या नाहीत.

आता महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एक माणूस असा आहे की ज्याची बदली होत नाही. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील गावातच राहतो, कोणाच्या धुऱ्यावरून कोणाशी वाद धुमसतो आहे हे त्याला ठाऊक असते, आणि कोणाच्या घरी रात्री आरडाओरडा होतो हेही. सहा देशांतल्या प्रयोगांना जे उभे करता आले नाही, ते आपल्याकडे मानधनावर का होईना, आधीपासून आहे. याचा अर्थ पोलीस पाटील हा रामबाण आहे असा नाही. तो गावातलाच असल्याने गावातले गट, जात आणि नातीही त्याच्यासोबत येतात, आणि पारध्यांच्या बेड्याविषयी किंवा नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईविषयी त्याचे मत गावापेक्षा वेगळे असेलच असे नाही. तंटामुक्त गाव मोहिमेतही हाच दुहेरीपणा होता. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या या मोहिमेने धुऱ्याचे आणि पाण्याचे पुष्कळ वाद न्यायालयात जाण्याआधी मिटवले असतील, पण तंटे नसण्यावर पुरस्कार ठेवला की तंटा दाबण्यालाही किंमत येते. ती सगळ्या राज्यात एकदमच सुरू झाल्याने, मोहीम नसलेल्या गावांशी तुलना करून तिचा खरा परिणाम मोजण्याची संधीही हातची गेली.

पोलीस लोकांशी कसे बोलतात हा मुद्दा बैठकांपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो आहे. अमेरिकेतील तीन शहरांत गुन्ह्यांच्या १२० ठिकाणी झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऐकून घेणे, कारण सांगणे, सन्मानाने वागवणे आणि पक्षपात न करणे याचे सखोल प्रशिक्षण मिळालेल्या पोलिसांची, तसे प्रशिक्षण न मिळालेल्या पण तितक्याच वेळ गस्त घालणाऱ्या पोलिसांशी तुलना केली गेली. प्रशिक्षित पथकांनी केलेल्या अटका ६० टक्क्यांहून अधिक घटल्या, आणि तरीही त्या ठिकाणचे गुन्हे १४ टक्क्यांनी कमी झाले.

शिक्षा कडक करण्याच्या मागणीविषयी इतकेच सांगता येईल की डॅनियल नेगिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अनेक दशकांचा पुरावा तपासून काढलेला निष्कर्ष शिक्षेच्या लांबीपेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीला झुकते माप देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची अट घातली आहे, आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे असल्याने वावरातल्या मोटारीसाठी हे पथक येणार नाही. सायबर फसवणुकीत तर घटनास्थळच नसते. तरीही तिथेही गुन्हा एका जागी गोळा होतो आणि ती जागा म्हणजे चोरीचा पैसा फिरवण्यासाठी भाड्याने दिलेली बँक खाती, म्हणूनच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत केलेला फोन पुढच्या साऱ्या तपासाहून मोलाचा असतो.

ग्रामीण विदर्भातल्या चोऱ्यांवर यांतला कोणता उपाय चालेल, हे शोधायला फार मोठा निधी लागणार नाही. एखाद्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाने हंगामाआधी आपल्या ठाण्यांच्या हद्दीतील गावांची यादी करावी आणि पोलीस पाटील, सरपंच व पत्रकार यांच्यासमोर चिठ्ठ्या टाकून निम्मी गावे निवडावीत. निवडलेल्या गावांत ऑक्टोबर ते जानेवारी रात्रीची गाडी गावभर न फिरता पोलीस पाटलाने दाखवलेल्या दोन-तीन जागी, दर वेळी वेगळ्या वेळेला, पंधरा मिनिटे थांबेल, आणि चोरी झालेल्या शिवारात पुढचे दोन आठवडे अधिक वेळा जाईल. उरलेल्या गावांत नेहमीचीच गस्त राहील. फेब्रुवारीत दोन्ही प्रकारच्या गावांत घरोघर जाऊन काय चोरीला गेले आणि त्यातले किती ठाण्यात कळवले, हे विचारायचे. ही विचारपूस पोलिसांनी न करता अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी करावी, कारण खाकी वर्दीसमोर न कळवलेली चोरी कोणी सांगणार नाही, आणि न कळवलेल्या चोऱ्या किती याचा अंदाज आल्याशिवाय ठाण्यातल्या वहीवर किती भरवसा ठेवायचा हे ठरवता येणार नाही.